मीठकरबाई

बेगम बाजारात हिंगाच्या दुकानासमोर उभा होतो, तेव्हा अनघाचा फोन आला. अनघा म्हणजे नलिनीबाई मुळे यांची मुलगी. हातगाड्या, ऑटोवाल्यांचे हॉर्न, हमालांचं 'हटो, हटो', त्यात माझा उजवा कान आधीच अधू. ती म्हणाली, "काका, आई गेली." आणि मी, पंचाहत्तरीचा माणूस, आयुष्यभर पोरांना मराठी शिकवून पोट भरलेला, तिला विचारलं, "कुठं? सिकंदराबादला?" ... दर गुरुवारी त्या बहिणीकडे सिकंदराबादला जायच्या आणि तो गुरुवार होता, एवढंच माझं समर्थन. मग अनघानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, मला समजेल असं. दुकानदारानं तोवर पुडी बांधून माझ्या हातात कोंबली होती. ती तशीच घेऊन मी बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी पोचलो. मयताच्या घरी हिंगाचा वास घेऊन गेलेला माणूस मी एकटाच असेन. दोघा-तिघांनी वळून बघितलं.

नलिनीबाई आणि मी एकाच शाळेत तीस वर्षं होतो. हैदराबादेतली मराठी माध्यमाची शाळा. आता तिथं मुलं शोधावी लागतात, तेव्हा वर्ग भरलेले असायचे. बाई रसायन शिकवायच्या, मी मराठी. त्यांचे वडील जुन्या हैदराबाद संस्थानात कचेरीत होते, सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यामुळं बाईंच्या बोलण्यात 'परेशान', 'मालूम', 'हौ' हे शब्द आमच्या मराठीइतकेच घरचे. मला ते खटकायचं. मी टोकायचो. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्याच वाक्यात 'हो'च्या जागी 'हौ' म्हणायच्या. माझा स्वभाव तापट, त्यांचा तसा नव्हता, असं सगळे म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. त्यांचा राग होताच, फक्त कुठं असायचा ते दिसायचं नाही.

माझा नववीचा वर्ग आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यात लाकडी पार्टिशन होतं. इकडं मी समास सोडवायचो आणि तिकडून हॅलोजनांचा पाठ ऐकू यायचा. दरवर्षी तोच पाठ, आणि दरवर्षी माझी मुलं माझं सोडून तिकडंच कान लावायची. बाई सांगायच्या की एकाच घरातली ही भावंडं, पण कुणाचं कुणाला रूप नाही. फ्लोरीन फिकट पिवळा वायू, कुणालाही सोडणार नाही असा. क्लोरीन हिरवट, नाकात गेला तर छाती जाळतो. ब्रोमीन लालसर तपकिरी, आणि तो चक्क द्रव. आयोडीन काळसर खडे. तापवले की त्यांची जांभळी वाफ होते. पाचवा ॲस्टेटीन, तो इतका दुर्मीळ की त्याचं नाव घ्यायचं आणि पुढं जायचं. दिसायला सगळे वेगळे, पण दुखणं एकच: बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन आहेत आणि आठवा पाहिजे. त्या एका इलेक्ट्रॉनसाठी ते कुणाशीही जुळतात, म्हणून निसर्गात कधी एकटे सापडत नाहीत. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं की क्लोरीननं माणूस मरतो, सोडियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं, आणि दोघं मिळून जे होतं ते आपण वरणात घालतो, मग त्यातलं विष जातं कुठं? बाई म्हणाल्या, "जातं कुठं हो? त्याला पाहिजे होतं ते मिळालं. भूक गेली की माणसाचा राग नाही का जात, तसं." मला हे तेव्हाही नीट कळलं नव्हतं. पण मी मान हलवली.

मग ते पुस्तकाचं प्रकरण झालं. सरकारी पाठ्यपुस्तकाचं मराठी भाषांतर करायला चार-पाच शिक्षक बसवले होते. विज्ञानासाठी बाई, भाषा तपासायला मी. एका कचेरीतली खोली, वर घरघरणारा पंखा, एकीकडं इंग्रजी पुस्तक, एकीकडं तेलुगू. हॅलोजनपाशी गाडी अडली. बाईंनी सांगितलं की हा मुळात ग्रीक शब्द, 'हॅल्स' म्हणजे मीठ आणि 'जन' म्हणजे उत्पन्न करणारा. कुठलाही धातू भेटला की हे त्याचं मीठ करतात म्हणून हे नाव. 'जन' ऐकून मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आपला संस्कृतातला 'जन्' धातूच की हा! मी लगेच 'लवणजन' सुचवलं. बाई म्हणाल्या की आमच्या पोरांना लवण म्हणजे काय मालूम नाही, सरळ 'हॅलोजन' ठेवा. मी ऐकतो कसला. परक्या शब्दानं मराठी पुस्तक बाटवायचं नाही, असा माझा त्या वयातला बाणा. आणि मला सुचलं ... माझं नाव दिनकर. दिवस करतो तो दिनकर, प्रभा करतो तो प्रभाकर, मग मीठ करतो तो मीठकर. मी स्वतःवरच खूष झालो. बाईंनी माझ्याकडं बघितलं, काहीतरी म्हणणार होत्या, मग म्हणाल्या, "तुम्ही भाषेचे. तुम्ही म्हणता तर हौ." आणि 'हॅलोजन फॅमिली'चं मी 'मीठकर कुटुंब' करून टाकलं. विज्ञानाच्या शब्दांच्या यादीवर सही मात्र विज्ञानाच्या शिक्षकाची लागायची, म्हणून खाली त्यांची सही झाली.

आता कुठल्याही शेंबड्या पोराला कळेल ते मला, मराठीच्या मास्तराला, कळलं नाही. आमच्या वर्गात नांदेडकर होता, उदगीरकर होता, दोन परभणीकर बहिणी होत्या. त्या मुलांनी पुस्तकात 'मीठकर कुटुंब' वाचलं आणि त्यांना जे समजायचं तेच समजलं. सहामाहीत बाईंनी प्रश्न घातला, मीठकरांचे गुणधर्म लिहा. उत्तरं आली! मीठकर हे थोर मराठी शास्त्रज्ञ होते. मीठकर यांचे कुटुंब मोठे असून त्यांना पाच मुलगे होते. थोरला फ्लोरीन फार रागीट होता. एका मुलीनं लिहिलं होतं की मीठकर मंडळी कधी एकटी राहत नसत आणि दुसऱ्याकडून एक वस्तू घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाईंनी तिला पाचपैकी चार गुण दिले. मला त्यांनी तो पेपर दाखवला तेव्हा आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तोवर ती गंमत होती.

मग एका पालकानं वर तक्रार केली की हे मीठकर कोण, आणि त्यांच्या घरच्या कथा विज्ञानाच्या पुस्तकात कशाला. आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. अधिकाऱ्याला मराठीचा गंध नव्हता. त्यानं चहा मागवला, तक्रारीचा कागद पुढं ठेवला आणि बाईंना विचारलं, "ये मीठकर कौन है, मॅडम? आपके रिश्तेदार?" कुणीतरी हसलं. मग त्यानं आवाज बदलून विचारलं की हा शब्द केला कुणी. मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. मला आठवतं, त्या चहावर साय धरलेली होती आणि मी ती बघत बसलो. बाई म्हणाल्या, "मी केला." बस, एवढंच. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि मी मिठाची गुळणी धरून बसून राहिलो. बाहेर पडल्यावर बसथांब्याशी मी काहीतरी पुटपुटलो, मी बोलायला हवं होतं वगैरे. बाई रस्त्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "शब्द वाईट नव्हता हो." आणि त्यांची बस आली. तीस वर्षं मी त्या चार शब्दांचा अर्थ लावतोय. सांत्वन होतं, टोमणा होता, का खरंच त्यांना शब्द आवडला होता?

पुस्तकं छापून वाटून झाली होती, ती परत कोण घेणार. म्हणून 'हॅलोजन' छापलेल्या चिकटपट्ट्या आल्या, प्रत्येक पुस्तकात सतरा ठिकाणी लावायच्या. आम्ही मैद्याची खळ शिजवली आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून पट्ट्या चिकटवल्या. बाई माझ्यासमोर बसून मुकाट्यानं माझा शब्द झाकत होत्या. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत कुणाच्या हातून एका पुस्तकावर आयोडीनचे थेंब उडाले, आणि पट्टीच्या कडांनी जिथं जिथं खळ बाहेर आली होती तिथं निळीकाळी चौकट उमटली. मुलांना खेळच मिळाला. जो तो आयोडीनचा बोळा घेऊन पुस्तकभर मीठकर कुठं कुठं लपलाय ते शोधू लागला. शेवटी बाईंनी बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं. पण त्या दिवसापासून त्यांना नाव पडलं ते पडलंच, मीठकरबाई.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे आणि ती सांगायला मला लाज वाटते. दोन वर्षांनी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. सगळ्यांत ज्येष्ठ नलिनीबाई होत्या. संस्थेच्या लोकांनी आपसांत ठरवलं की ज्यांच्यामुळं शाळेचं हसं झालं, त्यांना कसं बसवायचं. मला बोलावलं आणि ती जागा दिली. मी त्या खोलीतही बोललो नाही. पेढे वाटले, ते मात्र वाटले. बाईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "अभिनंदन, सर." त्याआधी मी त्यांचा 'दिनकरराव' होतो. त्या दिवसापासून शाळेत, घरी, रस्त्यात, सगळीकडं 'सर'. मान होता का थप्पड होती, देव जाणे. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून आता त्यांची प्रयोगशाळा समोर दिसायची. ब्रोमाइडच्या पाण्यात क्लोरीनचं पाणी ओतायच्या, ते नारिंगी व्हायचं, आणि त्या मुलांना सांगायच्या की जास्त जोराचा आला की आधीच्याला जागा सोडावी लागते. मला वाटायचं, हे वाक्य त्या जरा मोठ्यानं म्हणतायत. कधी वाटायचं, छे, माझं मन खातंय. एकदा मी मुद्दाम खिडकी लावून घेतली, तर बाईंनी शिपायाकडून निरोप पाठवला की वायूचा त्रास होत असेल तर पाठ मैदानात घेते. यात काही खोच होती का? मला अजून सांगता येत नाही.

निवृत्त झाल्यावरही मी बरकतपुऱ्याला जात राहिलो, महिन्यातून एकदा तरी. जेवूनच सोडायच्या. त्यांच्या यजमानांच्या माघारी घर शांत झालं होतं, अनघा कंपनीतून रात्री यायची. आम्ही जुन्या मुलांबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. त्या शब्दाबद्दल कधीच नाही. एकदाच, काही वर्षांपूर्वी, त्यांनीच विषय काढला. वर्तमानपत्रातलं कात्रण दाखवलं: शास्त्रज्ञांनी एक नवं मूलद्रव्य बनवलं होतं आणि ते त्याच रकान्यात, ॲस्टेटीनच्या खाली बसलं होतं. "मीठकरांच्या घरी सहावा आला, सर," त्या म्हणाल्या. मग सांगू लागल्या की तो डोळ्याचं पातं लवेपर्यंतही टिकत नाही, त्यामुळं तो मीठ करतो की नाही हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. नुसतं घरातलं नाव लागलंय त्याला. सांगताना त्या हसत होत्या. मी ठरवलं, आज बोलायचं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठल्या ... आणि मी, शपथेवर सांगतो, सुटल्यासारखा झालो.

शोकसभा शाळेच्याच हॉलमध्ये झाली. अध्यक्ष मी, दुसरं कोण उरलंय? जुने विद्यार्थी आले होते, कुणाचे केस गेलेले, कुणाची सून बरोबर. एकेक जण उठून मीठकरांची कथा तिखटमीठ लावून सांगत होता. सगळे हसत होते आणि रडत होते, प्रेमानंच. मी व्यासपीठावर बसून माझ्याच मूर्खपणावर लोकांना हसताना बघत होतो आणि त्या मूर्खपणाचं नाव मीठकरबाई होतं. मी उठलो, त्यांची कर्तव्यनिष्ठा वगैरे बोललो आणि खाली बसलो. शेवटी अनघा उभी राहिली. तिचं मराठी आमच्या शहरासारखं, थोडं इकडचं थोडं तिकडचं, आणि वाचायला तर फारच अडखळते. ती म्हणाली की लहानपणी मुलं तिला 'मीठकरची पोरगी' म्हणून चिडवायची, ती रडत घरी आली, तेव्हा आई म्हणाली, हौ, मीच केला तो शब्द, चांगला आहे. "आईनं आयुष्यात एक शब्द बनवला होता," अनघा म्हणाली. "मला त्याचा लई अभिमान आहे."

मी घरी आलो तो डोकं धरूनच. तीस वर्षं मला वाटत होतं की माझ्यावर एक कबुली बाकी आहे, ती दिली की सुटलो. आता कबुली द्यायची म्हणजे त्या पोरीच्या आईचा एकुलता एक शब्द तिच्याकडून काढून घ्यायचा. आणि नाही द्यायची म्हणजे पुन्हा चहावरची साय बघत बसायचं. बाई घरीसुद्धा 'मीच केला' का म्हणाल्या? पोरीचं रडणं थांबावं म्हणून? का मला सांभाळायला, आपल्या मुलीपासूनही? का इतकी वर्षं ते नाव वागवून वागवून त्यांना तो खरंच आपला वाटायला लागला होता? मला व्याकरण येतं, माणसं वाचता येत नाहीत, हे माझी बायको हयात असताना रोज सांगायची. त्यात या पुरवणीच्या संपादकांनी नलिनीबाईंवर लिहा म्हणून गळ घातली. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा 'मीठकर' शब्दाशी येऊन कागद फाडला.

शेवटी गेल्या रविवारी सकाळी बरकतपुऱ्याला गेलो आणि अनघाला सगळं सांगितलं. नावासकट: दिनकर, प्रभाकर, मीठकर. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"तेव्हा का नाही बोललात?" तिनं विचारलं.

"घाबरलो. नोकरी जाईल म्हणून नाही. मला हेडमास्तर व्हायचं होतं."

हे मी कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. तिनं भाजी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आता मला सांगून तुम्ही मोकळे होणार, हौ ना काका? मी काय करू याचं?" मी विचारलं, लेखात लिहू का. ती म्हणाली, लिहा, पण आईनं तो शब्द आपला म्हटला होता, तिथंही आणि घरीही, हे पण लिहा. नुसतं तुमचं तुमचं लिहू नका. म्हणून दोन्ही लिहिलं आहे. कुणी त्यातलं एकच उचलू नये.

मी उठायला लागलो तर ती म्हणाली, जेवून जा. आवाजात काही नव्हतं, ना राग ना माया. पान वाढलं: भात, आमटी, गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी. आमटी अळणी होती. बाईंना रक्तदाब, त्यामुळं त्या घरात स्वयंपाकात मीठ बेतानं घालून वरून घ्यायची सवय पडली होती, ती अनघानं अजून बदलली नव्हती. बरणी तिच्या बाजूला होती. मी विचार न करता तळवा पुढं केला. तिनं चिमूटभर मीठ उचललं आणि माझ्या हाताकडं बघून थांबली. आपल्यात मीठ हातात देत नाहीत, दिलं तर देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं म्हणतात. मला वाटलं, ही देणार. आणि खरं सांगतो, मला ते पाहिजे होतं. या गोष्टीवरून माझ्याशी एकदा तरी कुणीतरी कडकडून भांडायला पाहिजे होतं.

"हात मागं घ्या, काका," ती म्हणाली. "आई इतकी केमिस्ट्रीवाली, पण ज्याच्याशी भांडायचं नाही त्याला मीठ हातात द्यायचं नाही म्हणायची. घरच्या माणसाला पानातच."

मी हात मागं घेतला. इतकी वर्षं त्या घरी जेवलो, पण बाई मला मीठ कसं द्यायच्या ते काही केल्या आठवेना. विचारायला जीभ रेटत नव्हती, तरी विचारलं, "आणि मला?"

"तुम्हाला पानातच वाढायची. मी बघते ना लहानपणापासून."

तिनं मीठ माझ्या पानात डाव्या बाजूला वाढलं आणि बरणीचं झाकण लावलं. मी ते आमटीत कालवलं आणि खाली मान घालून जेवलो.